पुढे बसलेल्या बाई

वल्लरीने तिच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली ती ऑफिसखालच्या कॉफीच्या दुकानात, एका शुक्रवारी दुपारी. काम साधंच होतं. ती आणि सुबोध सुट्टीला जाणार होते. तेवढे दिवस संध्याकाळी त्यांच्या फ्लॅटवर जाऊन देवापाशी दिवा लावायचा आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं. माझं ऑफिस शहराच्या पाया लेबार भागात, त्यांचा कॉन्डो तिथून पायी जाण्याइतका जवळ. नाही म्हणायला मला काही कारणच नव्हतं.

"कुठे निघालात?" मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

"ग्रीसला, संजीवनीताई. बोट भाड्याने घेतलीय. आम्ही दोघं आणि सुबोधच्या बँकेतली दोन जोडपी. अगदी छोटी बेटं, जिथे टूरिस्ट फारसे जातच नाहीत. बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं."

मी "अरे वा" म्हटलं आणि कॉफीत साखर ढवळली. एरवी मी कॉफीत साखर घेत नाही.

सरळच सांगते, माझ्या पोटात दुखलं. माझा नवरा निशिकांत तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. लग्नानंतरचं अर्धं आयुष्य त्याने समुद्रावर काढलं. त्या बेटांजवळून त्याचं जहाज किती वेळा गेलं असेल देव जाणे, पण त्याच्या लेखी बेट म्हणजे लांबून वळसा घालायची जागा. मला समुद्र दिसतो तो आमच्या घराजवळच्या सेम्बावांगच्या पार्कमधून, आणि पलीकडे दिसतं ते खाडीपारच्या शेजारी देशातलं जोहोर. दर्यावर्द्याची बायको मी, आणि बोटीतून हिंडायला निघाली बँकवाल्याची बायको.

पण खरी गोम पुढेच आहे. हा बेत मुळात आमचा होता. आमचा म्हणजे माझा आणि मीनाक्षीचा. मीनाक्षी ही सुबोधची पहिली बायको. सेम्बावांगच्या किनाऱ्यावर एका बाकावर बसून आम्ही दोघी मनातल्या मनात मांडे खायचो. चौघांनी जायचं, लहानशी बोट घ्यायची, डेकवर टेबल मांडून जेवायचं. बोटीच्या पुढच्या टोकाला कोणी बसायचं यावरून आमचं भांडणसुद्धा झालं होतं. "पुढे मीच बसणार, संजे," ती म्हणाली होती. "तू मागे बसून नवऱ्याला सांभाळ."

मैत्रिणी होतो त्याही एकमेकींवर जळत जळत. मी मोत्याच्या कुड्या केल्या की तिला तश्शाच हव्यात. तिने पैठणी घेतली की मला त्या रात्री झोप नाही. माझ्याकडे जे असेल ते तिला हवं असायचं, आणि ते ती हसत हसत, गोड बोलून मिळवायची. तिचा राग यायचा नाही, हेच तर वाईट होतं. दोन हजार बारा साली साध्या तापाचं निमित्त झालं आणि मीनाक्षी गेली. पुढे सुबोधने पुण्याच्या वल्लरीशी लग्न केलं. आता आमचा बेत घेऊन ही चालली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

उठताना वल्लरी जरा घुटमळली. "देवघरात ताम्हनात टाक ठेवलाय, ताई. त्यालाही एक फूल वाहाल?"

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिली बायको वारलेली असली की काही घरांत दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा टाक करून गळ्यात घालायचा असतो. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं असो, सणाचं जेवण असो, आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण घ्यायचं. आधी तिला, मग स्वतःला. सुबोधच्या आईने लग्नातच तो वल्लरीच्या गळ्यात बांधला होता. सॉफ्टवेअरमधली मुलगी, पण बिचारीने तो निमूट वागवला. नव्या ड्रेसची बाहीसुद्धा ती आधी त्या टाकाला लावायची.

"बरोबर नाही नेत?" मी विचारलं.

"पाण्यात पडला तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत." मग तिने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का ताई... थोडे दिवस तरी मला गळा मोकळा हवाय."

"मग या प्रवासाचं तिला दाखवलंस?"

"काय दाखवू? विमानाचं तिकीट?" असं म्हणून ती हसली आणि पर्स उचलून निघाली.

पहिल्या संध्याकाळी मी गेले तेव्हा चिनी लोकांचा सातवा महिना, म्हणजे मेलेले परत फिरतात तो, चालू होता. शेजारच्या सरकारी घरांच्या एचडीबी ब्लॉकखाली पत्र्याच्या डब्यांत पितरांसाठी कागद जळत होते, त्यांची राख कॉन्डोच्या लिफ्टपर्यंत उडून आली होती. लिफ्टमध्ये एक म्हातारी आंटी होती. माझ्या हातातली फुलं पाहून तिने कोणाकडे म्हणून विचारलं. मी सांगितलं, मैत्रीण बोटीवर सुट्टीला गेलीय, तिच्या घरी दिवा लावायला चाललेय.

"सेव्हन्थ मंथ, डोन्ट गो नियर वॉटर लाह," आंटी म्हणाली, आणि तिचा मजला आला तशी माझ्याकडे न बघता उतरून गेली.

फ्लॅट बंद असल्याने आत उबारा होता. पडदे ओढलेले, फ्रिजची घरघर, आणि चपलांच्या कपाटापाशी वल्लरीच्या ऑफिसच्या सँडल. इथल्या बऱ्याच घरांत बॉम्ब शेल्टरची खोली असते. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. वल्लरीने त्या खोलीतच देवघर केलं होतं. दार लोटलं की फोनची रेंज जायची, म्हणून मी ते उघडं ठेवलं. समई लावली, देवांना फुलं वाहिली, आणि शेवटी टाकाला एक जास्वंद. बोटाला चांदी गार लागली.

तेवढ्यात फोन वाजला. वल्लरीने फोटो पाठवले होते. आमच्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे भर दुपार असते. डोळे दिपवणारं निळं पाणी, उघडा करडा डोंगर, पांढरी घरं, आणि बोटीच्या पुढच्या टोकाला पाय सोडून बसलेली वल्लरी. तिचा मोकळा गळा उन्हात चमकत होता. मला राहवलं नाही. मी फोन तसाच त्या टाकासमोर धरला.

"बघ मीने," मी म्हटलं. "तुझी बेटं. तुझी जागा. तुला न विचारता गेली ती, मला न विचारता गेली. तुला दाखवलंसुद्धा नाही. म्हणून मी दाखवते."

मी एकेक फोटो दाखवला. बोलताना मला बरं वाटत होतं, जुन्या बाकावर बसून दोघींनी तिसरीची उणीदुणी काढावी तसं. समईची ज्योत जराही हलत नव्हती. मी तुळशीला पाणी घातलं, कुलूप लावलं आणि सेम्बावांगची गाडी पकडून घरी आले. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, पण ते तेव्हा कुठे कळायला.

दुसऱ्या संध्याकाळी टाकाला फूल वाहताना मी हात मागे घेतला. चांदी तापलेली होती. चटका बसेल इतकी नाही, पण भांडं दुपारभर उन्हात राहिलं की लागतं तितकी. त्या खोलीत ऊन कुठून येणार? समईच्या धगीने झालं असेल असं म्हणून मी समई लांब सरकवली. आणि मग मला तो वास आला. वाळलेल्या गवताचा, लिंबाच्या सालीचा, उन्हात आटलेल्या मिठाचा. हा आमच्या समुद्राचा वास नव्हे. आमच्या समुद्राला डिझेलचा वास येतो, मी बायको आहे चीफ इंजिनिअरची.

त्या रात्री वल्लरीचा फोन आला. आवाज मजेत होता. "ताई, आमचा कप्तान वल्ली आहे. म्हातारा ग्रीक. आम्ही सहा जण, पण तो टेबलावर एक ताट जास्त मांडतो. आज मला म्हणतो, पुढे बसलेल्या बाईंना आत बोलवा, त्यांना ऊन लागेल. पुढे कोणीच नव्हतं. सगळे हसून हसून दमले."

"कशी आहे म्हणाला ती बाई?"

"काय की. म्हणाला, कानात मोती आहेत. तुम्ही का गप्प झालात?"

"झोप आलीय," मी म्हटलं.

त्यानंतर मी टाकाशी बोलणं बंद केलं. नुसती जायचे, दिवा लावायचे, फूल टाकायचे आणि पाठ न वळवता बाहेर यायचे. फोटो येत राहिले, पण ते मी घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बसून बघायचे. जेवणाच्या टेबलाचा एक फोटो होता. कडेच्या ताटात मासा होता, सोलून नीट काटे बाजूला काढलेले. मीनाक्षी अशीच खायची, आधी सगळे काटे काढून ओळीने मांडायची. त्या ताटामागची खुर्ची रिकामी होती आणि वल्लरी तिच्याकडे पाहत होती. त्या फोटोत ती हसत नव्हती.

मग ती संध्याकाळ आली. बाहेर पावसाने अंधारलं होतं. मी समई लावून वात सारखी करत होते, तोच मागचं लोखंडी दार हळूहळू लोटलं गेलं. वाऱ्याने म्हणावं तर घरात वारा नव्हता. मी उठणार तेवढ्यात फोन वाजला. दार बंद असलं की त्या खोलीत फोन लागत नाही, हे मला फार नंतर आठवलं.

"ताई..." वल्लरी कुजबुजत होती. "टाक आहे का तिथे? बघा ना."

"आहे. काय झालं?"

"आम्ही पोहायला उतरलो होतो. माझा पाय कोणीतरी धरला. ओढला नाही हो... नुसता धरला, आणि सोडेना. सुबोधने मला वर काढलं. सगळे म्हणतात गोळा आला असेल. मी खाली केबिनमध्ये पडलेय, बाकीचे परत पाण्यात गेलेत. आणि ताई... जिन्यावर कोणीतरी बसलंय. मला पाय दिसतायत. ओले. जोडवी आहेत पायात."

मी ताम्हनाकडे पाहिलं. मी आले तेव्हा ते कोरडं होतं. आता त्यात काठोकाठ पाणी होतं आणि टाक तळाशी दिसत होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"हाक मार सुबोधला," मी म्हटलं.

"आवाज निघत नाहीये... ती उठली. ताई, ती खाली येतेय..."

त्या क्षणी मला कोणाचा हेवा वाटला सांगू? मीनाक्षीचा. मरूनसुद्धा पोचली ती. मी मात्र इथे, बिनखिडकीच्या खोलीत, दुसरीच्या देवांची वात सारखी करत बसलेली. एवढं मनात येऊन गेलं, आणि मग फोनमधून वल्लरीचा श्वास ऐकू आला. लहान मूल अंधारात रडू दाबतं तसा. तिशीची पोर ती. तिने माझं काय घोडं मारलं होतं?

"मीने," मी ताम्हनावर वाकून म्हटलं. "सोड तिला. तिला तुझं काही नको होतं, तिच्या गळ्यात टाक बांधला म्हणून तिने बांधून घेतला. तुला बोटीतूनच जायचंय ना? मी नेते. निशिकांतला सांगून नेते. आपला बेत होता, आपणच जाऊ. पुढे तूच बस... पण तिला सोड."

फोनमध्ये काहीच ऐकू येईना. ताम्हनातलं पाणी हळूहळू खाली गेलं, जमिनीत मुरावं तसं, आणि कडेला मिठाची पांढरी रेघ राहिली.

"गेली," वल्लरी म्हणाली. "ताई... जिना कोरडा आहे."

ती परत आली. उन्हाने रापली होती, दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हती. माझ्यासाठी ऑलिव्हचा साबण आणला होता, पण तोही तिने आधी टाकाला लावला आणि मग मला दिला. टाक पुन्हा गळ्यात होता. "याबद्दल सुबोधला काही सांगू नका," एवढंच ती म्हणाली. पुढे तिला कधी काही त्रास झाल्याचं मी ऐकलं नाही. मला वाटलं, मी जिंकले. खरं सांगते, जरा मिरवलेसुद्धा, मनातल्या मनात.

निशिकांतला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. तो सहा महिन्यांच्या कामावर होता. त्याला काय सांगणार, की तुझ्या सुट्टीचा शब्द मी एका मेलेल्या बाईला दिलाय?

दिवाळीच्या आधी त्याचं जहाज दुरुस्तीसाठी ग्रीसच्या एका बंदरात लागलं. तिथेच त्याचं काम संपणार होतं, तिथून तो विमानाने घरी येणार होता. तो येण्याच्या आठवड्यात मला त्याचा एक फोटो आला. लहानशा बोटीचं डेक, पांढरं शीड, निळं पाणी. खाली लिहिलं होतं, "घे. ऐकलं तुझं एकदाचं. आता तरी खूश?"

रात्रीचे अकरा वाजून गेले होते, मी सेम्बावांगला स्वयंपाकघरात उभी होते. चकलीच्या पिठाने हात भरलेले, तशीच मी फोन लावला. लगेच उचलला त्याने. मागे पाण्याची चुबुकचुबुक आणि दोर वाजल्याचा आवाज.

"अगं, आतून काय फोन करतेस?" निशिकांत हसत म्हणाला. "बाहेर ये की. बघ, सूर्य किती खाली आलाय."

मी पिठाच्या हाताने फोन कानाशी आणखी दाबला.

"संजू?" तो म्हणाला. मग त्याच्या मागे, जरा लांबून, एक बाई हसली. मोकळं, गोड हसणं. तिने विचारलं, "कोणाचा फोन आहे?" निशिकांतने फोन कानापासून दूर नेला असावा. "कोणाचा..." असं म्हणून तो थांबला, आणि फोन बंद झाला. नंतर कितीही लावला तरी लागला नाही.

मी विमानतळावर गेले. तो धडधाकट आला. चेहरा खुलला होता, दाढी वाढवली होती. मला पाहून आधी हसला, मग जरा बावरला, ओळखीचा चेहरा वाटून दुसराच निघावा तसा. घरी आल्यावर त्याने फोटो दाखवले. त्यात मी होते. बोटीच्या पुढच्या टोकाला मी, केस मोकळे सोडून. डेकवर मासा खाताना मी. पाण्यात पाय सोडून त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली मी. माझंच नाक, माझीच हनुवटी, कुर्ता माझा नव्हे, दुसराच कुठला तरी जांभळा, पण त्यात मीच. आमच्या लग्नात तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ना, त्या नजरेने तो त्या फोटोंमध्ये तिच्याकडे पाहत होता.

"मी नव्हते तिथे," मी म्हटलं. मी पासपोर्ट आणून त्याच्यासमोर उघडला. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "थकलीयस तू. झोप."

एखादीला भीती वाटली असती. वाटते मलाही, दिवा मालवला की. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. जेवताना तो भात चिवडत म्हणतो, "तिथे तू किती बोलायचीस, संजू. किती हसायचीस." आणि माझ्या पोटात तेच जुनं दुखणं उठतं. मी हसून बघते, ते त्याला पसंत पडत नाही. केस मोकळे सोडून बसले तर म्हणतो, बांध, तुला शोभत नाही.

परवा त्याने बोट पुन्हा ठरवली. तीच बेटं, पुढच्या उन्हाळ्यात. मी त्याचा हात धरला. "या वेळी आपण इथूनच बरोबर निघू," मी म्हटलं. "एका विमानाने."

तो गोंधळला. "पण तूच तिथे म्हणाली होतीस ना..."

"काय म्हणाले होते?"

"निघताना, बंदरावर. म्हणालीस, पुढच्या वेळी एकटाच ये, घरी आहे तिला आणू नकोस." निशिकांत माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता. "मला तेव्हा कळलं नव्हतं, तू कोणाबद्दल बोलतेयस."